दगडातला बैल, मातीतला बैल



काही वर्षांपूर्वी आमच्या इतिहास विभागाची सहल बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल पाहावयास गेली होती. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरासमोर एक मंडप आहे आणि त्यात काळसर दगडाचा मोठा नंदी बसलेला आहे. मी नेहमीप्रमाणे माहिती सांगत होतो. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला, त्याच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात हे देऊळ बांधविले, इत्यादी. मुले वह्यांत उतरवून घेत होती. तेवढ्यात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीने विचारले, "सर, नंदी नेहमी बसलेलाच का असतो? आमच्या घरचे बैल तर दिवसातला निम्मा वेळ उभेच असतात."

मी उत्तर दिले की नंदी हा शिवाचा परमभक्त, तो स्वामींच्या आज्ञेची वाट पाहत बसला आहे. ती "हो सर" म्हणाली आणि गप्प बसली. परंतु तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. पंचवीस वर्षे मी नंदीपुढे उभा राहून सनावळ्या सांगितल्या, पण त्याच्याकडे बैल म्हणून एकदाही पाहिले नव्हते. त्या प्रश्नापासून मला बैलाच्या शिल्पाचा जो नाद लागला तो अजून सुटलेला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले, पुष्कळ उशिरा दिलेले उत्तर आहे.

दगडाला काय सोसते

प्रथम अगदी साधा विचार करू. आपल्या भागातला खिल्लारी बैल घ्या. वजन चारपाचशे किलो. हे सारे वजन ज्या चार पायांवर उभे असते ते गुडघ्याखाली आपल्या मनगटाहून थोडेच जाड असतात. हाड, स्नायू आणि शिरा यांच्या जुळणीमुळे ते वजन पेलते. आता हाच बैल ग्रॅनाइटमध्ये त्याच आकाराचा घडवला तर काय होईल? जनावराचे शरीर जवळजवळ पाण्याइतक्याच घनतेचे असते, ग्रॅनाइट पाण्याच्या पावणेतीनपट जड. म्हणजे साडेचारशे किलोचा बैल दगडात बाराशे किलोंच्या आसपास जाईल, आणि पाय मात्र तेवढेच बारीक राहतील. दगडाचा स्वभाव असा की तो वरून येणारा दाब मुकाट्याने सोसतो, पण वाकवणारा ताण त्याला मुळीच सोसत नाही. बैल घडवताना छिन्नीचा एक घाव वाकडा बसला किंवा तो हलवताना थोडा कलला, तर पाय मोडलाच म्हणून समजा.

जुन्या शिल्पींना हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. बिहारमधील चंपारण भागात रामपूर्वा येथे सापडलेला अशोककालीन स्तंभशीर्षावरचा बैल प्रसिद्ध आहे. तो इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातला असून आज दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात आहे. हा बैल उभा आहे. पण त्याच्या पोटाखाली पाहा. चार पायांच्या मधला दगड शिल्पीने काढून टाकलेलाच नाही. पाय त्या दगडावर उठावात कोरले आहेत आणि पोटाचा भार पायांवर नसून मधल्या दगडावर आहे. एरवी हा बैल इतका जिवंत आहे की ही युक्ती चटकन लक्षातही येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे बैलाला बसवणे. बसलेल्या बैलाचे सगळे वजन जमिनीवर सपाट टेकते. मग आकार कितीही वाढवा. आंध्र प्रदेशातील लेपाक्षीचा विजयनगरकालीन नंदी एकाच शिळेतून कोरलेला, सुमारे २७ फूट लांब आणि १५ फूट उंच आहे. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवरचा, सतराव्या शतकात दोड्ड देवराज ओडेयर यांच्या कारकिर्दीतला नंदीही जवळजवळ तेवढाच. उभ्या बैलाच्या बाबतीत ही कल्पनाही करवत नाही. तेव्हा नंदी बसलेला आहे याचे एक कारण भक्ती हे असेल, पण दुसरे कारण दगड हे आहे, आणि मला वाटते की दोन्ही कारणे एकमेकांना इतकी जुळली की पुढे ती वेगळी दिसेनाशी झाली.

शिंगांचेही तसेच. खिल्लारी बैलाची सारी ऐट त्याच्या लांब, मागे जाऊन वर वळणाऱ्या शिंगांत असते. तुम्ही आजवर पाहिलेले नंदी आठवा. बहुतेकांची शिंगे आखूड आणि डोक्यालगत असतात. लांब मोकळे शिंग दगडात टिकत नाही. म्हणून शिल्पीने शिंगांवरचे लक्ष काढून वशिंड, मानेचा बाक आणि गळ्याची पोळी यांवर आणले. गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीला शेतकरी पोळी म्हणतात, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ही पोळी दगडात फार सुरेख उतरते, कारण तिच्या घड्यांत सावली साठते. सिंधू संस्कृतीच्या दोनतीन बोटे रुंद मुद्रांवरील वशिंडाच्या बैलातही हीच पोळी घडीन् घडी कोरलेली आढळते. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा डोळाही नेमका तेथेच खिळला होता.

दगड मऊ असला की शिल्पीची वृत्ती बदलते. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरापुढे बाराव्या शतकातले दोन नंदी आहेत. तेथला दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो व हवेत राहून कठीण होत जातो. त्यामुळे शिल्पीने नंदीच्या अंगावर घंटांच्या माळा आणि साखळ्या अशा कोरल्या आहेत की सोनाराने हात जोडावेत. माझे मत विचाराल तर मला तेथे बैल थोडा कमी आणि दागिने थोडे जास्त दिसतात. आमच्या कन्नड विभागातील एका मित्रांचे यावर माझ्याशी कडाक्याचे भांडण झाले आहे. त्यांचे म्हणणे असे की बेंदराला आपण बैल सजवतो तेव्हा आपल्याला तरी बैल कुठे दिसतो? या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

धातूतला बैल आणि कातळावरची गाय

माध्यम बदलले की बैल उठून उभा राहतो. प्रवरेच्या काठी, पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद हे गाव आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार धातूच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ. सर्व भरीव ओतीव काम, एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक. बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. काहींनी या कालनिर्णयाविषयी शंकाही घेतली आहे. आपल्याला येथे रथाशी कर्तव्य आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीच्या त्या रथाला दोन बैल जुंपले आहेत, मागे हाकणारा उभा आहे आणि दांडीवर एक कुत्राही आहे. बैल उभे आहेत, पाय मोकळे आहेत. धातू ताण सोसतो, म्हणून हे शक्य झाले. आणि हे बैल देवाचे वाहन नाहीत. ते जुंपलेले, कामावरचे बैल आहेत. ज्याने ते मेणात प्रथम घडवले त्याने जू मानेवर नेमके कुठे बसते हे पाहिलेले होते.

गाय मात्र देवळातही कामावर दिसते. महाबलीपुरमच्या कृष्ण मंडपात सातव्या शतकातील एक मोठा उठाव आहे. कृष्णाने गोवर्धन उचलला आहे आणि त्याच्या आश्रयाला गोकुळ जमले आहे. त्यातच एक गवळी गाईची धार काढतो आहे आणि गाय मान वळवून वासराला चाटते आहे. वर पर्वत उचललेला आहे आणि खाली धार चालू आहे. धार काढताना वासरू पुढे बांधले की गाय पान्हा सोडते, हे ज्याने रोज पाहिले आहे त्यालाच हे सुचेल. गाईचे पाय कातळाला चिकटलेले असल्याने मोडण्याची भीती नाही, म्हणून गाय उभी.

मातीचा बैल

आता आपल्या घरी येऊ. बेळगाव भागात जन्मलेल्या प्रत्येकाने निदान एक तरी बैल घडवलेला असतो, हे आपण विसरतो. ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी, म्हणजे आपला कर्नाटकी बेंदूर. त्यानंतरच्या अमावास्येला कन्नडमध्ये मण्णेत्तिन अमावास्ये म्हणतात. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. त्या दिवशी मातीचे बैल करून पुजायचे. आमच्या घरी आज्जी तळ्याकाठची काळी माती आणायची, तिची बैलजोडी करायची, त्यांच्यापुढे मातीचीच गव्हाण करायची आणि डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे टोचायची. हे बैल भाजायचे नसतात. पूजा झाली की पुन्हा पाण्यात सोडायचे.

त्या पट्टदकलच्या प्रश्नानंतर मी ठरवले की आपण स्वतः एक बैल करून पाहावा. खानापूर तालुक्यातील मातीकाम आपल्याकडे प्रसिद्ध आहे. तिकडच्या एका वृद्ध कुंभारमामांकडे मी रविवारी जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मी पाठ्यपुस्तकातला नंदीचा फोटो बरोबर नेला होता. त्यांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "मास्तर, ह्यो दगडातला हाय. मातीत आला की फुटंल. मातीला इचारा, मग करा."

त्यांचे म्हणणे पहिल्याच आठवड्यात पटले. माती वाळताना आकसते. जाड भाग हळू वाळतो, बारीक भाग लवकर वाळतो, आणि जेथे दोन्ही जोडलेले असतात तेथे भेग पडते. माझ्या बैलाची शिंगे तिसऱ्या दिवशी गळून पडली. पाय पाचव्या दिवशी तडकले. कुंभारमामांचे बैल मात्र जसेच्या तसे. त्यांनी पाय जाड आणि खाली किंचित फाकलेले ठेवले होते, शिंगे आखूड व मुळाशी रुंद केली होती आणि जोड ओल्या कापडाखाली सावकाश वाळू दिले होते. खेळण्यातले मातीचे बैल असे बुटके, दणकट का दिसतात याचा उलगडा मला तेव्हा झाला. आपण त्याला ग्रामीण कारागिराचा भाबडेपणा समजतो. ते मातीचे गणित असते.

आण्णांचा हात

तीन महिन्यांनी मला बरा म्हणावा असा बैल साधला. फूटभर लांबीचा, बसलेला, एक पुढचा पाय नंदीसारखा उभा मुडपलेला. तो घेऊन मी गावी गेलो. आमच्या आण्णांची दृष्टी तेव्हा काचबिंदूने जवळजवळ गेली होती. मी बैल त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "आण्णा, आपला हरण्या केलाय."

येथे थोडे मागे जायला हवे. हरण्या आणि पाखऱ्या ही आमची खिल्लारी जोडी. १९८९ साली मी एम. ए.साठी धारवाडला गेलो त्या उन्हाळ्यात आण्णांनी ती जोडी बाजारात विकली. आता भाड्याच्या ट्रॅक्टरने भागते, एवढेच ते म्हणाले. वसतिगृहाचे पैसे कुठून आले हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. पण आम्हा दोघांनाही ते ठाऊक होते.

आण्णांनी दोन्ही हातांनी बैल चाचपला. वशिंडावरून हात पाठीवर, पुठ्ठ्यावर, मग पुढे मानेवर आला. पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बैल बेस झालाय. पण ह्यो देवळातला हाय रे. आपला न्हवं."

मी विचारले, कशावरून? तेव्हा त्यांनी मला जे सांगितले ते कोणत्याही कलाशिक्षणाच्या वर्गात मिळाले नसते. एक, बैल बसतो तेव्हा ढुंगण सरळ टेकत नाही, एका अंगावर कलते, आणि मागचे दोन्ही खूर एकाच बाजूला येतात. माझ्या बैलाचे मागचे पाय दोन्ही अंगांना सारखे होते. दोन, जुंपलेल्या बैलाच्या मानेवर वशिंडाच्या पुढे जुवाचा घट्टा पडलेला असतो. माझ्या बैलाची मान गुळगुळीत होती. तीन, हरण्याच्या उजव्या शिंगाचे टोक गव्हाणीच्या दगडाला आपटून उडाले होते. "तुझ्यासमोर उडालं की," आण्णा म्हणाले. मला ते अजिबात आठवत नव्हते.

मी त्यांना आणखी एक विचारले. पुष्कळदा आपण सांगतो की नंदीने पुढचा एक पाय उभा मुडपला आहे, कारण तो धन्याच्या हाकेसरशी उठण्याच्या तयारीत आहे. आण्णा हसले. "बैल पुढनं उठत न्हाई. घोडं उठतं पुढनं. बैल आधी ढुंगण उचलतो, पुढं गुडघ्यावर ऱ्हातो, मग उठतो." आणि हे अगदी खरे आहे. गाय, बैल, म्हैस यांचे उठणे मागून सुरू होते. मग शिल्पींनी तो पाय तसा का दाखवला? मला सुचलेले उत्तर असे. निवांत बसलेले जनावर अधूनमधून पुढचा एक पाय पुढे काढते, हेही खोटे नाही. शिल्पीने तो क्षण निवडला, कारण त्या एका उभ्या गुडघ्यामुळे दगडाचा पुढचा भाग गोळा वाटत नाही, त्याला कोन मिळतो, उजेड आणि सावली मिळते. म्हणजे तो पाय उठण्यासाठी नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी आहे. हे माझे अनुमान आहे. कोणी खोडून काढल्यास आनंदच होईल.

त्या पावसाळ्यात मी दुसरा बैल केला. करण्यापूर्वी शेजारच्या गावी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात चार रविवार नुसता बसलो. बैलाच्या अंगावर हात ठेवून हाड कुठे संपते आणि मांस कुठे सुरू होते ते पाहिले. पुठ्ठ्यावर वर आलेले माकडहाड, बरगड्यांमागची खोलगट कूस, रवंथ करताना हलणारा जबडा, सगळे हाताने पाहिले. दुसरा बैल दिसायला पहिल्याहून ओबडधोबड झाला. आण्णांच्या मांडीवर ठेवला तेव्हा मी कोणाचे नाव सांगितले नाही. त्यांचा हात मानेवरच्या घट्ट्यापाशी थांबला. मग उजव्या शिंगाकडे गेला आणि तुटक्या टोकावर बोट फिरत राहिले.

"पाणी पाजलंस का त्याला?" एवढेच ते म्हणाले.

आण्णा गेले त्याला आता तीन वर्षे झाली. तो बैल भाजलेला नव्हता. अमावास्येला आईने तो पूजेला मांडला आणि रीतीप्रमाणे तळ्यात सोडला. मी अडवले नाही.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी

फ्रान्समध्ये राहिलेला स्पॅनिश चित्रकार पिकासो याने १९४२ साली सायकलची जुनी बैठक आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके तयार केले. हँडलची शिंगे झाली, बैठकीचे तोंड झाले. पुढे १९४५-४६ च्या हिवाळ्यात त्याने शिळाछापावर एकाच बैलाची अकरा चित्रे केली. पहिल्यात केस, स्नायू, वजन सारे आहे. एकेक चित्रात थोडे थोडे काढून टाकत अकराव्यात केवळ काही रेषा उरतात, आणि तरी तो बैलच आहे. आमच्या मुलांना अकरावे चित्र फार आवडते, कारण ते सोपे वाटते. पण पिकासोने पहिल्या चित्रापासून सुरुवात केली होती हे ते विसरतात. ज्याला बैल पुरता ठाऊक आहे त्यालाच त्यातले काय गाळावे हे कळते.

माझी काळजी नेमकी येथे आहे. पट्टदकलचा शिल्पी, दायमाबादचा ओतारी, माझी आज्जी आणि कुंभारमामा या सर्वांच्या घराजवळ बैल होता. त्यांनी माध्यमासाठी त्याला बसवले, बुटका केला, शिंगे आखडली, तरी मूळ बैल हाताला माहीत होता. कृष्णाकाठच्या काळ्या रानासाठी सांगली भागात जोपासलेली, कृष्णा व्हॅली म्हणून ओळखली जाणारी अजस्र बैलांची जात आज फारच थोडी उरली आहे. माझ्या वर्गात हात वर करायला सांगितले तर बैलाच्या मानेला हात लावलेली मुले दरवर्षी कमी होत चालली आहेत. बाजारात बेंदराला साच्यातले रंगवलेले बैल मिळतात. ते वाईट नाहीत. पण साचा एकदाच पाहतो, हात दरवर्षी पाहतो.

ट्रॅक्टर नको असे मी म्हणत नाही. त्याच ट्रॅक्टरच्या आधारावर मी शिकलो. माझी विनंती एवढीच आहे. येत्या मण्णेत्तिन अमावास्येला मराठी आणि कन्नड विभागातील विद्यार्थ्यांनी मिळून अर्धा दिवस काढावा. आधी एखाद्या गोठ्यात जाऊन बैलाला हात लावावा. मालकाला विचारून लावावा, हे सांगायला नको. मग मुठीएवढी माती घेऊन फोटो न पाहता बैल करावा. शिंगे गळतील, पाय तडकतील, त्याची लाज वाटू देऊ नये. त्यानंतर पट्टदकलच्या नंदीपुढे जाऊन उभे राहावे. मी सांगत असलेल्या सनावळ्या तेव्हा नाही ऐकल्या तरी चालतील.

आणि त्या मुलीस, जी आता स्वतः एका शाळेत शिक्षिका आहे, माझे एवढेच सांगणे की नंदी बसला आहे, कारण दगडाला उभे राहणे सोसत नाही. तुझ्या घरचे बैल उभे होते हे तू पाहिले होतेस, म्हणून तुला तो प्रश्न पडला.